आबांची भिंत आणि पाहुण्यांच्या पाठी

वीट मुळात लाल असते, हे सिद्ध करायला मला पूर्ण महिना आणि मुलीचा साखरपुडा खर्ची घालावा लागला.

वरवे बुद्रुकला आमचं घर आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी वीटभट्टीवर राबता राबता स्वतः थापलेल्या विटांनी ते बांधलं. पुढच्या भिंतीला गिलावा नाही. "आपली वीट झाकायची न्हाई," हा आबांचा नियम. (त्या वेळी सिमेंट संपलं होतं, असं आत्या सांगते, पण ते आबांसमोर बोलायचं नाही.) पुढे पावसापाण्यानं भिंतीवर शेवाळ काळं पडलं, खालच्या थरांना लोणा लागून पांढरी भुकटी सुटली, पन्हळीखाली हिरवा पट्टा उतरला. आबांना यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "अजून लालबुंद हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि लोक आपले मान डोलवायचे.

यंदा एकदाची ऑपरेशनं झाली. आबा आरामाला भाटघरला आत्याकडे निघाले आणि जाताना म्हणाले, "परकाश, सुजाताच्या साखरपुड्याला येतो. तवाच काळा चष्मा काढीन आन पयली माजी भिंत बगीन!"

मी बाहेर जाऊन भिंत पाहिली. लाल ठिपका शोधूनही सापडेना.

"अहो, गिलावा करून रंग मारा," बायको म्हणाली. सुनंदा पहिल्यापासून व्यवहारी.

"वीट झाकायची न्हाई!"

"मग मिस्त्री तरी बोलवा."

"माझ्या बापाची भिंत आहे. मीच धुणार!" असं म्हणून मी बाह्या सरसावल्या. आमच्या घराण्यात अक्कल कमी-जास्त होते, पण जिद्दीला तोटा नाही!

आधी तारेचा ब्रश आणला. दिवसभर घासलं. शेवाळ होतं तिथंच राहिलं, खांदा मात्र जागचा हलला. मग मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस ऍसिड ओतायचा आणि डाग पळायचे. मीही ओतलं. (तो व्हिडिओ संडासाच्या फरशीचा होता, हे मला भिंत फसफसायला लागल्यावर कळलं.) काळे डाग गेले खरे, पण त्यांच्या जागी पिवळट पांढरे ओघळ आले, तेही दुप्पट लांबीचे!

मी हटलो नाही. हायवेवर शब्बीरभाईंचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. त्यांना मशीनसकट घेऊन आलो.

"परकाशशेठ, ही ट्रक धुवायची मशीन हाय. इचार करा," भाई म्हणाले.

"विचार झालाय. सोडा पाणी!"

त्यांनी सोडलं. सांध्यातलं सिमेंट उडून अंगणात पडलं आणि पाण्याची धार भिंतीतून आरपार थेट स्वयंपाकघरात, साखरपुड्याच्या लाडवांसाठी काढून ठेवलेल्या रव्यात! सुनंदा नखशिखांत भिजून हातात झारा घेऊन बाहेर आली. "भिंत धुताय का संसार?" भाईंनी त्या झाऱ्याकडे पाहून मशीन बंद केलं.

सांधे मी आणि भाईंनी मिळून भरून काढले. पण भिंत आता चार रंगांची झाली होती आणि साखरपुडा तोंडावर आला होता. अखेर मी बादलीभर गेरू कालवला.

"त्यात सरस घाला हो, न्हाईतर हाताला लागंल," सुनंदा म्हणाली.

"भिंतीला हात लावायला कोण येणार आहे? पाहुणे साखरपुड्याला येणार आहेत!"

पाहुणे भोरहून आले. आम्हा बौद्धांकडे मंगलकार्याला पांढरे कपडे घालतात, त्यामुळे सगळे बगळ्यासारखे शुभ्र. पाठोपाठ आबा आले. अंगणात उभं राहून त्यांनी चष्मा काढला आणि भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"काल भाजल्यावानी दिसती रं," ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले. महिनाभराचं सार्थक झालं, असं मनापासून वाटलं. तिथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं!

पण मला भिंतीसकट फोटो हवा होता. आबांना पुढे खुर्चीत बसवलं आणि बाकीच्यांना मी स्वतः मागे रेटलं. "सरका मागं! अजून! भिंत दिसली पायजे! व्याहीबुवा, लाजू नका, टेका पाठ बिनधास्त!" व्याही धिप्पाड माणूस. त्यांनी बिनधास्त टेकली.

फोटो झाला आणि बुद्धवंदनेसाठी सगळे आबांच्या पुढे जाऊन, अंगणात मांडलेल्या प्रतिमांसमोर हात जोडून उभे राहिले. मी आबांच्या खुर्चीशेजारी होतो. समोर पाहिलं तर काय, एकूण एक पाठ लाल!

आबांनी माझी बाही ओढली. "परकाश, समद्यांच्या पाठी लाल कशा रं?"

"औषधामुळं दिसत असंल, आबा," मी कुजबुजलो.

आबांनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम पडला. "म्हंजी आपरेशन वाया गेलं," ते पुटपुटले. "मग मगाशी भिंत दिसली, तीबी खरी न्हवं." आणि त्यांनी खिशातला काळा चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तो चष्मा मला बघवेना. वंदना संपताच मी ओरडलो, "आबा, डोळे चांगले हायेत तुमचे! गेरू आहे तो! मीच फासलाय!"

व्याह्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि तळवा पाहिला. सुजाता माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

"म्हंजी मला दिसतंय?" आबा म्हणाले.

"व्हय."

"समदं?"

"समदं, आबा!"

आबांनी चष्मा काढला, ती पाठींची रांग पुन्हा नीट न्याहाळली आणि पोट धरून हसायला लागले. मग व्याहीही हसले. "आबा, तुमची वीट पाठीवर घिऊनच चाललोय आमी. आता सोयरीक मोडायची कशी?"

भिंतीवर आता पाठींच्या आकाराचे फिके ठसे आहेत. सर्वांत रुंद व्याह्यांचा. आबा रोज समोर खुर्ची टाकून बसतात आणि मी साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, हळूहळू उरलेला गेरू उतरवतो. जिद्द सोडलेली नाही!

परवा आबांना डोळे तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाबा, समोरची अक्षरं वाचा."

"अक्षरं कशाला? ह्या पोराचा येडेपणा म्या अंगणातनं चष्म्याबिगर वळीखला," आबा म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली.

डॉक्टरांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. (माझ्या शर्टावरही गेरू होता.) मग अक्षरं न वाचून घेताच त्यांनी नजर उत्तम असल्याचं सांगून टाकलं.