काठावरचे आकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

आई दर्यापूरला वारली. शेवटचे महिने धाकटी बहीण नंदा तिच्यापाशी होती. मी अमरावतीत, जीपनं दीडेक तासावर. का गेलो नाही? कामं होती, असं सांगत राहिलो. खरं म्हणजे तिचं ते खंगणं बघवलं नसतं — मला. आईला मी दिसायला हवा होतो, हे तेव्हा मनात आलंच नाही. की आलं होतं?

मोबाइल समोर धरला की आई तोंड फिरवायची. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यासमोर मात्र पदर सारखा करून बसायची. नंदानं त्या दिवसांचा अख्खा रोल काढला होता. "तेरवीले यातलाच एक मोठा कर, दादा," म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला. आमच्यात फिल्म धुणारा मीच. तिलाही मीच शिकवलेलं.

न्हाणीघरात फिल्म धुण्याचा डबा घेऊन बसलो. आईच्या उशाशी कोण होतं, कोण नव्हतं — सगळं त्या डब्यात होतं. आधी डेव्हलपर ओततात, त्यानं चित्र उमटतं. मग फिक्सर, तो न उमटलेलं सगळं धुऊन काढतो. मी आधी फिक्सर ओतला. चुकून? नाही. बाटलीवरचं माझंच अक्षर वाचलं, आणि ओतला.

फिल्म काचेसारखी निघाली.

नंदाला म्हणालो, रोल कॅमेऱ्यात नीट बसलाच नव्हता, कोरा आला. तिनं पट्टी खिडकीशी धरली, काठावरून अंगठा फिरवत गेली. फोटो नसले तरी डेव्हलपर लागला की फिल्मच्या काठावर कंपनीचे आकडे उमटतातच — हेही मीच शिकवलेलं.

"दादा, आकडे बी नाई आले?"

मी हात पुसत राहिलो.

तेरवीला मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "वा ओ फोटोवाली! इतकी खटखट केली, अन् मायचा एक फोटो नाई?" दोघं-चौघं हसले. नंदा पंगतीत वाढत होती.

"मीच रोल बराबर नसन लावला, मावशी," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात वरण वाढलं. मी जेवलो.

आता भिंतीवर आधार कार्डावरची आई आहे, अर्धवट मिटल्या डोळ्यांची. तो फोटो मोठा करून मीच आणला. हारही मीच घातला. नंदा आली की आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

मी आतल्या खोलीत जातो.