तिसरी तार

विठोजीची बोटं हा बंगळुरूजवळच्या आनेकलच्या त्या गल्लीत थट्टेचा विषय होता. मोबाइलवर एक आकडा दाबायला गेला की दोन उमटत, म्हणून तो करंगळीने फोन लावी, आणि ती करंगळीही काही साधीसुधी नव्हती. लग्नात अंगठी चढेना म्हणून भर मांडवात साबण मागवावा लागला, ही गोष्ट त्याची बायको वसुमती रंगवून सांगायची. अजून ती असल्या गोष्टी सांगत असे, तेव्हाचं हे.

तीस वर्षं तो एका लहानशा कारखान्यात फिटर होता. साच्यांचे भाग कानशीने घासून घासून एकमेकांत असे बसवायचे की मध्ये कागदसुद्धा शिरू नये, हे त्याचं काम. एवढ्या जाड बोटांनी एवढं बारीक काम कसं जमतं, याचं प्रत्येक नव्या साहेबाला नवल वाटे. विठोजीला त्यात काही विशेष दिसत नसे. कुठे चूक राहिली की त्याचा हात आपोआप तिच्याकडे जाई, आणि ती घालवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

त्याचा एकुलता एक मुलगा अभिराज बापाचीच बोटं घेऊन जन्मला. बारशाला आलेल्या बायकांनी तो इवलासा पंजा उघडून पाहिला आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. विठोजी मात्र छाती फुगवून बसला होता. पुढे मुलगा डिप्लोमाला गेला, आणि अठराव्या वर्षी बंगळुरूच्या शिवाजीनगरातून एक जुनी गिटार घेऊन आला. मोबाइलवर बघून शिकू लागला. रोज संध्याकाळी साडेपाचला पुढच्या खोलीत बसायचा आणि तीनच कॉर्ड वाजवायचा, जी, डी आणि सी. एका हाताच्या बोटांनी दोन-तीन तारा एकदम दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, की झाला कॉर्ड. जी बरा येई, डी कसाबसा येई, आणि सीला मधली तिसरी तार मुकी राही. टण, टण, ठप्प, टण, टण.

विठोजी पाळी संपवून त्याच वेळेला घरी येई. न्हाणीत पाय धुताधुता त्याचा कान नेमका त्या ठप्पवर जाई.

"दाब की नीट! सहा महिने झाले, अजून ठप्पच? नाचणीचे मुद्दे खातोस का हवा?"

"अप्पा, तुमचीच बोटं आहेत ही," अभिराज एकदा म्हणाला. "चौथ्या तारेवर ठेवली की तिसरीला लागतात."

"बोटांवर ढकलू नको. याच बोटांनी मी काय काय करतो ते ये एकदा बघायला."

मुलगा पुन्हा वाजवू लागला. ठप्प. मग आतून वसुमती ओरडली, "असू दे की वो! बरं वाटतं कानाला."

गेल्या सप्टेंबरात अभिराजला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी तो गेला. एकोणिसावं वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे बाकी होते.

विठोजी तेराव्यानंतर कामावर गेला, कारण कामावर गेलं नाही तर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. वसुमती घरातच राहिली. एकच ताट मांडायची, विठोजीचं; त्यातलाच मुद्द्याचा एक घास मोडायची आणि तो सारात तसाच भिजत ठेवून उठायची. कुणी मोबाइलवर अभिराजचा व्हिडिओ लावला तर ती खोलीतून निघून जाई. साडेपाच वाजले की मात्र पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसे, आणि अंधारून आलं की आत जाई. डिसेंबर आला तोवर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते फडताळात तसंच पडून राहिलं. मुलगा गेला, आता हीही चालली, या धास्तीने विठोजीचं कानशीवरचं लक्ष उडालं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं काम साहेबांनी परत पाठवलं.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याने खुंटीवरची गिटार काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि दोन बस बदलून मारतहळ्ळीला गेला. तिथे शार्दूल नावाचा पुण्याचा मुलगा राहत होता, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा आणि रविवारी आपल्या खोलीवर गिटार शिकवणारा. मराठीतून शिकवतो, म्हणून साहेबांनीच त्याचा पत्ता दिला होता.

"काका, बोट उभं धरा, एकदम टिपवर या," शार्दूल म्हणाला. "फ्लॅट पडलं की शेजारची स्ट्रिंग म्यूट होते."

विठोजीने खिशातून व्हर्नियर काढून मोजमाप घेतलं. दोन तारांमध्ये सात मिलिमीटर. बोटाचं टोक एकोणीस.

"कसं बसणार सांगा," तो म्हणाला.

"बसतं काका. जाड बोटांचे लोकपण मस्त वाजवतात. घाई नका करू, एक वर्ष द्या."

त्या दिवशी विठोजीने आयुष्यात पहिल्यांदा सी धरला. टण, टण, ठप्प, टण, टण. तीच तार, तीच जागा. बोट उभं केलं, आडवं केलं, मनगट वळवून पाहिलं, जीव खाऊन दाबलं, तरी ठप्पच. पोरगा खरं बोलत होता. सहा महिने तो खरं बोलत होता आणि आपण त्याला हवा खातोस का म्हणून विचारत होतो. विठोजीला तिथेच, परक्या पोराच्या खोलीत, रडू कोसळलं. शार्दूलला वाटलं बोटं दुखली. "सुरुवातीला दुखतं काका, नंतर घट्टे पडतात," तो म्हणाला. विठोजीच्या हाताला नवा घट्टा पडायला जागाच कुठे होती?

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो अभिराजच्या जागेवर बसला आणि वाजवू लागला. जी झाला, डी झाला, आणि सी ठप्प झाला. वसुमती ओल्या हातांनीच बाहेर आली. उंबऱ्यावर बसली. पुढच्या ठप्पला तिने डोळे मिटून घेतले. त्या संध्याकाळी तिने दोन ताटं मांडली आणि अर्धा मुद्दा खाल्ला. विठोजी मान खाली घालून जेवत राहिला, वर पाहिलं तर ती थांबेल अशी भीती त्याला वाटत होती.

मग ते रोजचंच झालं. मार्चमध्ये ती पोटभर नाही तरी बरं जेवू लागली. एप्रिलात एकदा स्वतःहून म्हणाली, "स्वल्प मीठ कमी पडलं काय?" तेवढ्या वाक्यावर विठोजी आठवडाभर खूश होता. बांगड्या मनगटाकडे उतरू लागल्या. जी आणि डी त्याला शार्दूलच्या शिकवणीने चांगले येऊ लागले. सी मात्र हटून बसला होता.

आता विठोजीने जे गणित मांडलं ते फिटरचं गणित होतं. इतकं सदोष वाजवून ही अर्ध्यावर आली, तर बिनचूक वाजवल्यावर पुरी येईल. शिवाय ज्या चुकीपायी आपण पोराला बोललो ती आपल्या हाताने दुरुस्त करायची, हेही त्याच्या मनात होतं. कुणीतरी त्याला तेव्हाच अडवायला हवं होतं. पण तो कुणाला काही सांगेल तर ना!

शार्दूलला तेवढं त्याने विचारलं. गिटारच्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांमधून तारा जातात. तीच नवी करून खाचा सरकवल्या तर?

"नको काका," शार्दूल म्हणाला. "आवाज बदलतो. तुमची बोटं तयार होतायत, दोन-तीन महिने थांबा."

विठोजी "सरी, बरं" म्हणाला आणि थांबला नाही. जूनमध्ये त्याने गिटार कारखान्यात नेली. तारा गंजल्या होत्या आणि अभिराजची बोटं जिथे पडत तिथे काळ्या झाल्या होत्या. त्या त्याने पक्कडीने कापल्या. पांढरी पट्टी डिंकाने घट्ट बसली होती, छिन्नीचा हलका ठोका दिला तर तिचे दोन तुकडे झाले. तीन दिवस पाळी सुटल्यावर थांबून त्याने पितळेची नवी पट्टी घासली, आणि तिसरी, दुसरी आणि पहिली अशा तिन्ही तारांच्या खाचा दीड मिलिमीटर काठाकडे घेतल्या आणि नव्या तारा चढवल्या. आयुष्यातलं सगळ्यात नेमकं काम झालं होतं ते. टेबल झाडताना तारांचे आणि पट्टीचे तुकडे लोखंडाच्या किसाबरोबर भंगाराच्या पिंपात गेले. शनिवारी भंगारवाला पिंप घेऊन गेला.

त्या शनिवारी साडेपाचला विठोजी नवा सदरा घालून बसला. वसुमती उंबऱ्यावर आली. तिने पदराने हात पुसले. जी. डी. मग त्याने श्वास रोखून सी धरला. टण, टण, टण, टण, टण. पाचही तारा खणखणीत वाजल्या, खोली भरून गेली. विठोजीने हसत वर पाहिलं.

वसुमती अजून वाट पाहत होती.

"वाजवा की," ती म्हणाली.

"वाजवला की. हाच तो."

"नाही, ते मधलं. तो अडायचा ते."

"ती चूक होती गं. दुरुस्त केली मी." त्याने पितळी पट्टी तिला दाखवली. "बघ, आता आयुष्यभर यायची नाही."

वसुमती पट्टीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तेवढं ऐकलं की तो आत बसलाय असं वाटायचं मला. म्हणून जेवत होते मी."

विठोजीने घाईघाईने बोट आडवं पाडलं आणि सी छेडला. तिसरी तार मुकी राहिली, पण तिच्या आजूबाजूच्या नव्या तारा पितळेवरून झणझणत राहिल्या. त्याने आणखी जोरात छेडलं. पुन्हा छेडलं.

"आता तुम्ही मुद्दाम करताय," वसुमती म्हणाली.

"जुनी पट्टी जोडून बसवतो," तो म्हणाला. "उद्याच बसवतो." बोलता बोलताच त्याला भंगाराचं पिंप आठवलं.

ती उठून आत गेली. विठोजी गिटार मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने आतून ताट मांडल्याचा आवाज आला. तो दुसऱ्या ताटाची वाट पाहत राहिला, पण आत एकच ताट मांडलेलं होतं, त्याचं.