एका दिवसाची सावड

२०१६ सालचा मे महिना. मृग तीन आठवड्यांवर आलेला. प्रवरेचा पाट कोरडा, आणि विहिरीत तासभर मोटर चालेल एवढंच पाणी. अशा वेळी आमोस पहिल्यांदा आमच्या बांधावर आला आणि तिथून हे किस्से सुरू झाले. मी ते जमवले नाहीत. मला बोलायची हौस नाही, आणि चौथीच्या पुढं शाळा नाही. पण फळबाग केंद्रावर चहा आला की कुणीतरी म्हणतं, "तात्या, तो भानुदासचा सांगा." एक सांगितला की त्याच्या मागं दुसरा उभाच असतो. म्हणून एकदाच सगळे लिहून टाकतो.

केंद्र म्हणजे आपलं सरकार आणि इस्रायलचं सरकार यांनी मिळून कोल्हारच्या अलीकडं काढलेली पेरूची बाग. तिथं नवी पद्धत शिकवतात. आमोस हा तिकडून येणारा जाणकार. स्वतः शेतकरी, वय पन्नाशीचं, अंगात हाफ पँट, उन्हानं भाजून लाल झालेला. वैशाली मॅडम आपल्या कृषी अधिकारी. त्याचं इंग्रजी आम्हाला आणि आमचं मराठी त्याला, असं काम त्यांच्याकडं.

*

पहिल्याच दिवशी आमोसनं मला विचारलं, "झाडाला पाणी किती देता?"

मी म्हणालो, "पाट सुटला की देतो."

"किती देता?"

"येईल तेवढं."

त्यानं वही काढली. "मग पुरेसं झालं हे कसं कळतं?"

मी म्हणालो, "बांध फुटला की!"

त्यानं वही मिटून खिशात घातली. त्या दिवशी पुन्हा काढली नाही.

*

मग त्यानं एक यंत्र आणलं. लांब नळी, वर घड्याळासारखी तबकडी. नळी मातीत रोवायची, आणि जमीन तहानली का ते तबकडी सांगणार.

मी म्हणालो, "याला कशाला यंत्र?" चप्पल काढली, पायाचा अंगठा मातीत रुतवला. "हितं वल हाय. तितं न्हाई."

आमोसनं दोन्ही जागी नळी रोवली. तबकडी माझंच बोलली. तो मॅडमना म्हणाला, "हा अंगठा कुठं मिळतो ते विचारा. मला शंभर पाहिजेत."

माझी मान ताठ झाली. मग त्यानं ओल्या जागीच नळी आणखी खाली, फूटभर घातली. काटा सर्रकन फिरला. वर ओल, खाली धूळ! मुळं तर खालीच.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "अंगठा एवढाच लांब हाय. मी काय करू?"

*

आता मुख्य गोष्ट. माझी बारा गुंठे पेरूची बाग. एकतीस झाडं. वीस वर्षांची, उंच वाढलेली. पेरू शेंड्याला, शिडी लावल्याशिवाय हाती येत नसे. निम्मे पोपटांनाच.

आमोस म्हणाला, "यंदा पाणी नाही. एवढा पाला पोसता पोसता झाडं मरतील. कंबरेएवढी ठेवून वरचं सगळं कापा. थोड्या पाण्यावर जगतील, नवीन फुटतील, आणि पेरू हाताला येतील."

माझी बायको पारू हे ऐकत होती. ही झाडं लावली त्या सालीही पाऊस नव्हता. तिनं डोक्यावर घागरी वाहून एकेक जगवलं होतं. ती उठली आणि पहिल्या झाडाला पाठ लावून बसली.

"आधी मला कापा," ती म्हणाली.

मजुरांनी करवती खाली ठेवल्या. "बाईचा तळतळाट नको, तात्या," म्हणून घरी गेले.

आमोस तिच्यासमोर मातीत बसला. मॅडमकडून सगळं समजून घेतलं. मग स्वतःची करवत तिच्यापुढं धरली. पहिली फांदी तिनं कापायची.

पारूनं मॅडमना विचारलं, "आन् न्हाई फुटली तर?"

"तो म्हणतो, नाही फुटली तर पुढच्या फेरीला येऊन तुमच्या घागरी तो वाहील."

पारूनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हनावं, घागर पितळंची हाय. जड हाय."

मग तिनं करवत घेतली.

मजूर नव्हतेच. त्या दिवशी एकतीस झाडं आमोसनं छाटली. मी फांद्या ओढत होतो. दुपारी त्यानं भाकरी-ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, पण "नो" म्हणाला नाही. वीस झाडं झाली तेव्हा मी म्हणालो, "बास." तो थांबला नाही. दिवस मावळता मावळता एकतिसावं झाड झालं. त्यानं करवत पुसली आणि माझ्या हातात दिली. ती आजही माझ्याकडं आहे.

मी मजुरी पुढं केली. त्यानं हात पाठीमागं नेले.

मला फुकटचं चालत नाही. मी मॅडमना म्हणालो, "त्याला सांगा, आमच्यात सावड असती. तू माझ्या रानात एक दिवस केलास, आता मी तुझ्या रानात एक दिवस करणार. मजुरी न्हाई, उपकार बी न्हाई."

मॅडमनी सांगितलं. आमोस हसला. "ठीक आहे, तात्या. कधी येताय?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

*

बांधापलीकडचा भानुदास. त्याच्या जिभेला हाड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर हजर.

"तात्या, बाग कुटं गेली?"

मी फांद्या गोळा करत राहिलो.

"सरपन लई झालं. टेम्पो लावू का?"

आमोस आपल्या देशी गेला होता. रानात एकतीस खुंट उभे. पारू घरात माझ्याशी बोलेना. जेवण वाढायची, पण ताट ठेवताना आवाज करायची. मी रोज पहाटे जाऊन प्रत्येक खुंटावरून हात फिरवायचो. आठवडा गेला. दुसरा गेला. भानुदास रोज टेम्पोचं विचारायचा.

एकोणिसाव्या दिवशी चौथ्या खुंटावर बोटाला काहीतरी टोचलं. तांबूस, मोहरीएवढं. मी पाचवा बघितला. सहावा बघितला. मग घरी गेलो आणि पारूला म्हणालो, "चल."

ती आली. एकतीसच्या एकतीस खुंटांपुढं वाकून बघितलं. त्या दिवशी ताटाचा आवाज झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पारूनं जमिनीवर उभं राहून, हात वर करून, आपल्या झाडाच्या शेंड्याचा पेरू तोडला. वीस वर्षांत पहिल्यांदा! पेरूही कसा? पोपटाची चोच न लागलेला, वाटीत मावणार नाही एवढा.

आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यात भानुदास आला. या खेपेला बांधावर थांबला नाही, दारापर्यंत आला.

"तात्या, ती करवत दोन दिस देता का?"

मी विचारलं, "टेम्पो सांगू का?"

*

मग केंद्रावर मला शिकवायला बोलवायला लागले. एकदा केनियाचे शेतकरी आले. भाषेची अडचण. मी कंबरेवर हात ठेवला, मग झाडावर रेघ मारली. इथं कापा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकेकाला एकेक झाड दिलं.

संध्याकाळी बघतो तर ओळ जिन्यासारखी झालेली! त्यांच्यातला एक जण साडेसहा फूट उंच. त्यानं त्याच्या कंबरेएवढं ठेवलं. एक ठेंगण्या बाई होत्या, त्यांनी त्यांच्या. चूक माझीच. मी कंबर दाखवली, कुणाची ते सांगितलं नव्हतं.

आमोस पुढच्या फेरीला आला, ओळीपुढं बराच वेळ उभा राहिला. "हे कोणतं तंत्र?"

मॅडम म्हणाल्या, "तात्यांचं आहे. तिसऱ्या देशाच्या सहकार्यानं."

ती ओळ आम्ही तशीच ठेवली आहे. फळ सगळ्यांना सारखंच येतं.

*

२०१९ साली पाच शेतकरी तिकडं न्यायचं ठरलं. निवडीला साहेब बसले. प्रत्येकाला एकच प्रश्न, "कशासाठी जायचंय?" चौघांनी सांगितलं, आधुनिक तंत्रज्ञान शिकायला.

मला विचारलं. मी म्हणालो, "मला शिकायचं न्हाई. तितल्या एका मानसाचा एक दिवस माझ्या अंगावर हाय. तो फेडायचाय."

साहेबांनी मॅडमकडं पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "लिहा, आधुनिक तंत्रज्ञान."

*

दिवाळीच्या आधी गेलो. सहा दिवस बागा, नळ्या, यंत्रं बघितली. सातवा दिवस सुट्टीचा. बाकीचे चौघं समुद्र बघायला गेले. त्या समुद्रात माणूस बुडत नाही म्हणे. आमोस मला न्यायला गाडी घेऊन आला.

त्याच्या घरी बायकोनं टेबल भरून ठेवलं होतं. खुर्ची ओढली. मी बसलो नाही. त्याला मराठीचे चार शब्द येत होते, त्यातच त्यानं सांगितलं, "तात्या, बस. पाहुणा."

मी खिडकीतून त्याची बाग दाखवली. "आदी ते."

तो समजला. हसला नाही या खेपेला. कात्री आणून दिली. हंगामाचा शेवटचा तोडा होता, झाडावर थोडे थोडे पेरू राहिलेले. मी पहिल्या ओळीला लागलो. तो क्रेट ओढत होता.

दुपारी त्याची बायको जेवण बांधावर घेऊन आली. आमच्या पारूसारखीच ताट आपटून गेली.

वीस झाडं झाली. आमोस म्हणाला, "बास, तात्या."

मी थांबलो नाही.

ऊन उतरलं. त्यानं पुन्हा म्हटलं. मग म्हणायचं सोडलं आणि मागं चालत राहिला. एकतिसावं झाड संपलं तेव्हा दिवस मावळत होता.

मी कात्री पुसली आणि त्याच्या हातात दिली.