चौथ्या दांड्याचा स्क्रू

अलास्कातल्या त्या नदीकाठच्या गावात जुनं विमान विकत घेणारा माणूस एकच प्रश्न विचारी, "आर्वोनं बघितलंय का?" बघितलंय म्हटलं की पुढं बोलणं नसे. गावाला रस्ता नव्हता. दवाखाना, शिकार, लाकूड, पीठ, सगळं विमानाच्या पंखावर. आणि ते पंख चाळीस वर्षं विमानं तपासणाऱ्या आर्वो केटोलाच्या सहीवर उडत होते. म्हाताऱ्याला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो का असू नये?

त्या सप्टेंबरात डेल्फिन टायटस नावाची तरुणी गावातल्या ऑरिनचं पिवळं विमान विकत घ्यायला आली. दोन माणसांचं, कापडाच्या अंगाचं. हिवाळ्यात तिला दूरच्या रानात सापळे लावायला जायचं होतं, एकटीनं.

ऑरिननं ताडपत्री ओढली. "बघ पोरी, बायकोचे केले नाहीत तेवढे लाड केलेत याचे."

"खरं आहे," त्याची बायको मेबल दारातून म्हणाली. "मला कधी ताडपत्रीसुद्धा पांघरली नाही!"

आर्वो हसत गुडघ्यावर बसला. पंखांना खालून आधार देणारे चार पोलादी दांडे आतून गंजतात, बाहेरून कळत नाही. म्हणून दांड्याच्या खालच्या टोकावरचा पत्रा काढायचा आणि अणकुचीदार टोचा दाबायचा; पोलाद चांगलं असलं तर तो आत जात नाही. एक दांडा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याशी त्याचा हात थांबला.

पत्र्याच्या स्क्रूची खाच झिजलेली होती, आणि तिच्याशेजारी पिवळ्या रंगावर एक ओरखडा होता. तो ओरखडा त्यानं ओळखला. सहा वर्षांपूर्वी, ऐन शिकारीच्या दिवसांत, दारात पाच विमानं खोळंबली असताना, हा स्क्रू हलेना. पेचकस निसटला होता. मग त्यानं तो तसाच सोडला, आणि विमानाच्या वहीत लिहिलं, ‘चारही दांडे तपासले, ठणठणीत.’

त्यानं ड्रिलनं स्क्रू उडवला. टोचा दाबला. शिजलेल्या बटाट्यात जावा तसा तो आत गेला.

"गंजणारच," ऑरिन म्हणाला. "माझ्या हृदयानं दगा दिल्यापासून पाच वर्षं ओल्यात उभं आहे."

आर्वोनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यानं टोचा बाहेर ओढला.

"मी चौथा बघितलाच नव्हता," तो म्हणाला. "तीन बघितले आणि चार लिहिले."

"त्या हिवाळ्यात मेबलला दोनदा दवाखान्यात नेलं मी," ऑरिन हळू म्हणाला. "याच विमानातून, आर्वो."

"माहीत आहे."

डेल्फिननं हात पुढं केला. "काका, तो टोचा द्या इकडं."

आर्वोनं दिला. उरलेले तिन्ही दांडे तिनं स्वतः दाबून बघितले, एकेक बोट अंतरावर, सावकाश. तो बाजूला उभा राहून पत्रे धरत होता.

"हे तिन्ही चांगले आहेत," ती म्हणाली. "चौथा नवा बसवा, आणि वहीत खरं लिहा. मग घेते."

आर्वोनं तिथंच, पंखाखाली बसून लिहिलं. जुनी ओळ खोडता येत नाही. तिच्याखाली नवी लिहिली, ‘मागच्या तपासणीत चौथा दांडा उघडला नव्हता. गंजलेला आहे, बदलायचा.’ खाली सही केली.

"आता आत या," मेबल म्हणाली. "रस्सा निवतोय. आर्वो, तूही ये. पण तुझ्या वाडग्यात आज मांस कमी पडेल."

"पडू दे," आर्वो म्हणाला.

दांडा टपालाच्या विमानानं आला, आणि नदी गोठायच्या आत पिवळं विमान डेल्फिनच्या दारात उभं राहिलं. गाव अजूनही विचारतं, "आर्वोनं बघितलंय का?" आर्वो येतो, गुडघ्यावर बसतो, पत्रे काढतो. पण टोचा आधी घेणाऱ्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "दाब. चारही."