पप्पांच्या अंगठ्याचा ठसा

माझे वडील मोबाईलच्या स्क्रीनवर बोट टेकवत नाहीत. तर्जनी दुमडतात आणि मधल्या पेरानं टकटक करतात, कुणाचं दार वाजवावं तसं. मी पाचगणीला शाळेत होते तेव्हा ते भेटायला आले की मला हे दिसायचं, आणि मी नजर दुसरीकडे वळवायचे. बाकीच्या मुलींचे वडील फोन कसा हाताळतात ते मी बघितलेलं होतं. पप्पांची ही गावाकडची सवय असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. कधी विचारलं नाही.

पप्पा गलाईचं काम करतात. जुने दागिने भट्टीत वितळवायचे, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. आमच्या विट्याकडची कितीतरी माणसं हेच काम करत देशभर पसरली आहेत. पप्पांचं दुकान तामिळनाडूतल्या एका गावात, सराफांच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. वर्षातून दोनदा ते घरी येतात. शाळेत कुणी विचारलं तर मी इंग्रजीत सांगायचे, पप्पा गोल्डच्या बिझनेसमध्ये आहेत. मुलींना वाटायचं आमची पेढी आहे. मी ते खोडून काढत नसे.

गेल्या दिवाळीत ते आले तेव्हा त्यांचा फोन बंद पडलेला होता. मी सांगलीत शिकते, विश्रामबागेत राहते. ते सकाळच्या एसटीनं सांगलीला आले आणि म्हणाले, "चल, दोन फोन घेऊ. तुला भारीतला, मला साधा."

"माझा चालतोय की, पप्पा."

"चालतोय म्हणून काय झालं? तुझं शिक्षण हाय त्याच्यावर. मला काय, भट्टीपुढं ठेवायचाय."

मी जास्त आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर मला तो भारीतला फोन हवा होता. वर्गातल्या बऱ्याच जणींकडे तसा होता.

दुकानात गर्दी होती. सेल्समननं पप्पांसाठी स्वस्तातला फोन काढला, बॅटरी चांगली, आवाज मोठा. पप्पांनी एकच गोष्ट विचारली. "कुलूप कसं उघडायचं ह्याचं?" आधीच्या फोनला त्यांनी कुलूपच लावलेलं नव्हतं. पण आता सराफ पैसे फोनवरच पाठवतात, आणि पैशांचं ॲप कुलपाशिवाय चालत नाही.

"सोपं आहे, काका. बाजूला हे बटण आहे ना, त्याच्यावर अंगठा ठेवा."

पप्पांनी अंगठा ठेवला.

"उचला. परत ठेवा. जरा दाबून."

स्क्रीनवर ठशाचं चित्र होतं, ते थोडं थोडं रंगानं भरायला हवं होतं. ते कोरंच राहिलं. पप्पांनी अंगठा पँटवर पुसला. मग दुसरा अंगठा लावला. मग बोटं, एकेक करून. शेजारी एक गृहस्थ कव्हर बघत उभे होते, ते हसत म्हणाले, "काका, अंगठा घरीच इसरून आला काय?"

पप्पाही हसले. "न्हाई ओ, त्यो गेला भट्टीत. रेशनच्या मशीनवर पण येत न्हाई माझा."

"काय करता आपण?" सेल्समननं विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "बिझनेस."

"गलाई," पप्पा त्याच वेळी म्हणाले. "तेजाबाचं काम. ठसं ऱ्हात न्हाईत."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या हाताकडे नीट बघितलं. बोटांची टोकं गुळगुळीत होती, कातडी जाड, चकचकीत, एकही रेघ नसलेली. स्क्रीनलासुद्धा ती धड कळत नसणार. मधलं पेर मात्र शाबूत होतं.

सगळे आमच्याकडे बघताहेत असं मला वाटत होतं. मी फोन घेतला आणि म्हणाले, "माझा अंगठा ठेवते." चार वेळा ठेवला, उचलला. चित्र लगेच भरलं.

"झालं की," पप्पा म्हणाले, जणू त्यांचंच काम झालं होतं.

"नंबर टाकूनपण उघडतो. आणि चेहऱ्यानंपण," सेल्समन म्हणाला. "फक्त अंधारात ह्याला चेहरा दिसत नाही. तो महागातला आहे ना, त्याला दिसतो."

"अंधारात?" पप्पांनी विचारलं. त्यांच्या दुकानात भट्टीचा उजेड सोडला तर दुपारीही फारसं दिसत नाही, हे मला नंतर कळलं. त्यांनी तिथलं काम दाखवायला कधी व्हिडिओ कॉल केला नव्हता, आणि मीही दाखवा म्हणाले नव्हते.

सेल्समननं दाखवायचा म्हणून ठेवलेल्या महागातल्या फोनमध्ये पप्पांचा चेहरा घेतला आणि त्यांना मागच्या माल ठेवायच्या खोलीत नेऊन दिवा घालवला. दार उघडंच होतं. मला आतून पप्पांचा आवाज ऐकू आला, "आयला." मी डोकावले. ते फोन बंद करत होते आणि तोंडापुढं धरत होते. उघडला की पुन्हा बंद. त्यांच्या तोंडावर त्या फोनचा उजेड पडत होता आणि जात होता.

बाहेर येऊन त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "ह्यो हिला द्या. मला त्यो साधा."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण लोक होते, सेल्समन माझ्याकडे बघून हसत होता, आणि नवा फोन माझ्यापुढं होता. मी रंग निवडला. पांढरा घेतला.

दोन दिवसांनी मी सुट्टीला घरी गेले. पप्पांचा नवा फोन दिवसातून दहा वेळा माझ्यापुढं यायचा. "जरा उघड गं." मी अंगठा लावायचे. मैत्रिणीशी बोलत असले तर न बघताच लावायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगणं बंद केलं. मला बरं वाटलं, जमलं असेल म्हणून.

त्याच संध्याकाळी ते पुढच्या सोप्यात बसलेले दिसले. दिवा अजून लावलेला नव्हता. पेरानं नंबर टाकत होते. एखादा आकडा दोनदा पडायचा, एखादा पडायचाच नाही. पाच वेळा चुकल्यावर फोननं तीस सेकंद थांबायला सांगितलं. पप्पा फोन मांडीवर ठेवून थांबले. चिडले नाहीत. आकडे उलटे मोजले जात होते आणि ते स्वतःच्याच फोनची वाट बघत बसले होते, सरकारी खिडकीपुढं बसावं तसे.

"पप्पा, तिकडं दुकानात काय करणार?" मी विचारलं.

"शेजारचा चहावाला हाय की. नंबर सांगून ठेवायचा त्याला. त्यो देतो उघडून."

"पैसे असतात त्याच्यात."

"मग काय करायचं?" ते म्हणाले. तक्रार नव्हती. खरंच विचारत होते.

मी आत गेले, माझा नवा फोन आणला. चार दिवसांतले फोटो जुन्या फोनवर पाठवले, तो पुसून कोरा केला. मग त्यांच्यापुढं धरला.

"इकडं बघा."

"काय गं?"

"चेहरा घ्यायचाय तुमचा."

ते सरळ बसले. टोपी काढली. मी म्हणाले, मान हळू फिरवा, तशी त्यांनी फिरवली, डावीकडे, वर, उजवीकडे. इतका वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. उजवी भुवई अर्धी जळालेली होती. ती कधीची, मला माहीत नाही.

आई दारात येऊन उभी राहिली होती. "आवं, पोरीला साधा आन् तुमाला भारी? कालेजात हसतील की तिला."

"तुझं काय मग?" पप्पांनी मला विचारलं.

"त्या साध्यात माझा अंगठा आहेच," मी म्हणाले. आणि आईला सांगितलं, "कव्हर घातलं की कळत नाही."

पप्पांनी फोन घेतला. उठून धान्याच्या खोलीत गेले आणि दार आतून ओढून घेतलं. तिथं खिडकी नाही. आई माझ्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं ते बाहेर आले.

"उघडतोय," म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवली.