रंगवलेलं मडकं

झाडाच्या बुंध्याशी मडकं पुरायचं, त्यात पाणी भरायचं, की ते हळूहळू पाझरून मुळांना मिळत राहतं. युक्ती सोपी. मी फक्त मडकं रंगवलेलं आणलं. बाहेरून ऑइलपेंट, त्यावर पांढरी वेलबुट्टी. बाजारात तेच उठून दिसत होतं. माठातलं पाणी गार का होतं, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पण ते शाळेत.

झाड लिंबाचं आणि बायकोचं. उंब्रजहून, माहेराहून, एसटीत मांडीवर धरून आणलेलं रोप. विट्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात ते रुजलं आणि यंदा पहिल्यांदा फुललं. नेमकी तेव्हाच बोअर आटली. टँकर सुरू झाला, झाडांना पाइप लावायला बंदी आली. एका झाडाला दिवसाआड एक बादली. सोसायटीतल्या रस्त्याकडेच्या दुकानांपुढल्या कुंड्यांनाही नियम लागू.

मडकं पुरल्यावर आठवडाभर मी रोज त्यात डोकावत होतो. पाणी जिथल्या तिथं. मला वाटलं, काय समजूतदार झाड आहे! सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून मी सांगून टाकलं, की मडकं पुरलं तर आठवड्याला एक बादलीसुद्धा जास्त होते. चेअरमन लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच ठराव लिहिला: प्रत्येकानं मडकं पुरावं, आठवड्याला एक बादली मिळेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

चारच दिवसांत लिंबाची फुलं गळली, पानं वळली. बायकोनं मातीत बोट खुपसलं, खाली कोरडंठाक. मडकं उकरून काढलं, तर आत काठोकाठ पाणी आणि बाहेरून खडखडीत. ते सगळं मुळांवर ओतलं. जमीन एका घोटात प्यायली. त्या दिवसापासून बायको तांदूळ धुतलेलं पाणीही तिथंच नेऊ लागली, पण एवढ्या झाडाला ते ओठ ओले करण्यापुरतं.

शेवटी मी चेअरमनकडे एक बादली जादा मागायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाही पाजला.

“आवं सर, रूल तुमीच सुचवला,” ते म्हणाले. “आता तुमालाच सवलत दिली, तर दुकानदार मला सोडतील व्हय?”

परत येताना बाकीच्यांची झाडं टवटवीत दिसली. त्यांनी साधी मडकी आणली होती.

बायको लिंबापाशी बसली होती. तिनं नखानं एका फांदीची साल खरवडली, आत तपकिरी. दुसरीही तशीच. बुंध्याजवळ जराशी हिरवी रेघ होती, की आम्हाला ती दिसावीशी वाटली, कोण जाणे. चेअरमन काय म्हणाले ते मी सांगितलं. ती हात झटकून उठली.

“पुढल्या मीटिंगला तुमी घरी थांबा,” ती म्हणाली. “मी जाते.”