सेतूमामांची डोलकाठी

सेतूमामा गेल्याचं ज्याला ज्याला कळवलं, त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, "वरून पडले का?" नाही हो... सकाळची कॉफी पिऊन झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेले. जमिनीपासून दीड हातावर.

विचारणाऱ्यांचा दोष नव्हता. चेन्नईच्या बंदरात शिडाच्या बोटी दुरुस्त करण्यात मामांची उमर गेली. निवृत्त होऊन कुंभकोणमला, मेलकावेरीच्या घरी आले ते मोडीत निघालेल्या एका बोटीची डोलकाठी लॉरीवर घालूनच. परसात ती उभी राहिली तेव्हा शेजारच्या तमिळ आजींना, पाट्टींना, वाटलं, ध्वजस्तंभ उभा राहिला, नवं देऊळ होतंय. त्या कापूर घेऊन आल्या. मामा दर रविवारी त्या काठीवर चढत. पद्धत मात्र कडक. फळीच्या झुल्यात बसायचं. झुल्याचा दोर मामीने खालच्या चरखीवर गुंडाळत त्यांना वर घ्यायचं. तो तुटलाच तर म्हणून दुसरा दोर कमरपट्ट्याला. तो मी सुट्टीत गेलो की माझ्याकडे. आधी गुडघाभर उंचीवर लटकून गाठी तपासायच्या. पाना मनगटाला बांधलेला. झुल्याखाली कुणी उभं राहायचं नाही, मांजरसुद्धा.

सात वर्षांपूर्वी मामांच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलत. एका रविवारी ते टोकाला पोचले, तशी मामीने दोर खुंटीला पक्का बांधला.

"अहो, डॉक्टराकडे येतां कीं नाहीं?"

"आधीं खालीं घे!"

"आधीं हो म्हणा."

मामांनी मला हाक मारली. "माधवा, दुसरा दोर तुझ्या हातांत आहे नव्हे रे?" होता. पण मामीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी फुललेल्या जास्वंदीकडे पाहू लागलो... अर्धा तास गेला. पाट्टी कुंपणाशी येऊन तमिळमध्ये विचारून गेल्या, आज काही विशेष पूजा आहे का? शेवटी वरून आवाज आला, "पोदुम! पुरे झालें! येतों!"

"आण घ्या."

"कावेरीची आण!"

दुसऱ्या दिवशी तपासणी, आठवड्यात शस्त्रक्रिया. आणखी महिनाभर थांबला असतात तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले.

परवा वरची कप्पी वाऱ्यावर फार करकरू लागली, म्हणून तेल घालायला मी चढलो, जन्मात पहिल्यांदा. दुसरा दोर माझ्या बायकोने धरला. खाली उतरलो, तरी मामी चरखीच्या दांड्यावर हात ठेवून तशीच उभी.

"जड झालों का, मामी?"

"नाहीं रे," ती म्हणाली. "तुझें वजन हाताला लागतच नाहीं. त्यांचें लागायचें."